ताबा घेण्याआधी घर कसं तपासायचं: पाणी, वीज, गॅस आणि भेगा

फ्लॅटचा ताबा घ्यायला आलेली मंडळी सर्वांत जास्त वेळ कशात घालवतात? टाइल्सवरचे ओरखडे आणि रंगाचे डाग शोधण्यात. बिल्डरचा साइट सुपरवायझरही त्यांना मनापासून साथ देतो. हातात मास्किंग टेप घेऊन तो स्वतःच दाखवत फिरतो, "मॅडम, इथे पण एक डाग आहे बघा." त्यात त्याचं काही जात नाही, रंगारी दोन दिवसांत डाग पुसून मोकळा होतो. तोवर डीबीचं, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या पेटीचं, झाकण कुणी उघडलेलं नसतं, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलेलं नसतं, आणि ताबा पावतीवर सही होऊन पेढे वाटले जातात.

घर तपासायचा माझा क्रम नेमका उलटा असतो. आधी जीवावर बेतणारे दोष, मग खिसा रिकामा करणारे, आणि डोळ्यांना खुपणारे अगदी शेवटी. पहिल्या गटात वीज, गॅस, पडण्याचे धोके आणि इमारतीचा सांगाडा. दुसऱ्यात मुख्यतः पाणी. तिसरा गट तुम्हाला कुणी शिकवायला नको. प्रत्यक्ष कामाला मात्र पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण पाण्याच्या चाचणीला पूर्ण दिवस लागतो.

जाण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कागद. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आलंय का ते विचारा आणि त्याची प्रत घ्या. "आत्ता फिट-आउटसाठी (आतल्या सजावटीच्या कामासाठी) चावी घ्या, ओसी महिनाभरात येतेय" हे वाक्य पुण्या-मुंबईत रोज बोललं जातं. महाराष्ट्रातल्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानुसार हे प्रमाणपत्र नसताना ताबा देऊ नये हे बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि घेऊ नये हे ग्राहकावरही. म्हणजे उद्या काही झालं तर "मला काय माहीत" म्हणायची सोय नाही. ओसीसोबत मंजूर नकाशा आणि करारनाम्याला जोडलेली सुविधांची यादीही घ्या. कोणत्या कंपनीची वायर, कोणते नळ, कोणता दरवाजा हे त्या यादीत लिहिलेलं असतं, आणि पुढे वाद घालताना तीच कामाला येते.

सामान फार लागत नाही. मोठी टॉर्च, मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल, जाड नाणं, खडू, पेन्सिल, बादली-मग, जुनं फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी. विजेसाठी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, जो ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. घरची इस्त्रीही सोबत घ्या, तिचं काम पुढे येईल. मल्टिमीटर वापरता येत असेल तरच हाताळा, नाहीतर परवानाधारक वायरमन सोबत न्या. दिवसाउजेडी जा, आणि त्या दिवशी फ्लॅटमध्ये कायमच्या मीटरची वीज व नळाला पाणी असेल याची आधीच ई-मेलवर खात्री करून घ्या. तात्पुरत्या बांधकाम कनेक्शनवर केलेल्या वीज तपासणीला अर्थ नाही. पाणी साठवून चाचणी करणार आहात हेही त्याच ई-मेलमध्ये लिहा. नकार आला तर तो लेखी येऊ द्या.

जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत सलग चार दिवसांच्या पावसानंतर खरं काय ते सांगते.

पहिली पायरी: बाथरूममध्ये पाणी साठवा

फडकं पिशवीत गुंडाळून नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटेचं, तोंड घट्ट बंद करा आणि बाथरूमभर पाणी सोडा. उंबऱ्याच्या खाली बोटभर अंतर राहील इतकंच, नाहीतर ते बेडरूममध्ये येईल. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा, तारीख-वेळेसह फोटो काढा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. प्रत्येक बाथरूम, ड्राय बाल्कनी आणि उघडी बाल्कनी, सगळीकडे हेच करा.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी बघायच्या. पातळी किती उतरली? एक-दोन मिलिमीटर बाष्पीभवनात जातात, त्याहून जास्त उतरली तर पाणी कुठेतरी मुरतंय किंवा तुमचं फडकं सैल होतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे खालच्या फ्लॅटचं छत. नव्या इमारतींत बऱ्याचदा पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या घराच्या फॉल सीलिंगमधून जातात. तिथली झडप उघडायला लावा आणि टॉर्च मारून प्रत्येक पाइप स्लॅबमधून जिथे खाली येतो तो सांधा बघा. पाणी साठलेलं असताना तिथे थेंब लोंबत असेल तर वॉटरप्रूफिंग गेलं असं समजा. "सिमेंट अजून ओलं आहे, सुकेल" हे उत्तर स्वीकारू नका.

जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर किंवा जास्त खाली असतो आणि वरचा खड्डा विटांच्या तुकड्यांनी, कोब्याने भरलेला असतो. या भरावात एकदा पाणी शिरलं की ते महिनोन्महिने तिथेच बसतं, आणि खालच्याकडे ओल दिसेपर्यंत वरच्याला पत्ताही नसतो. म्हणून रीसेल फ्लॅट घेताना सर्वांत उपयोगी चाचणी फुकट आहे: खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवा. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत मी हेच केलं होतं. वरचा फ्लॅट नुकताच रंगवलेला, बाथरूम चकाचक. काकूंनी दार उघडलं, काही न बोलता आम्हाला आत नेलं आणि कमोडवर लटकवलेली प्लॅस्टिकची बादली दाखवली. काकू ती बादली दिवसातून दोनदा रिकामी करत होत्या. किमतीची पुढची बोलणी फार लांबली नाहीत.

आता फडकं काढा आणि पाणी कसं जातं ते बघा. दीड मीटरच्या बाथरूममध्ये ट्रॅपकडे पंधरा-वीस मिलिमीटरचा ढाळ हवा. पाणी ओसरल्यावर कोपऱ्यात किंवा दरवाजाशी डबकं राहिलं तर खडूने त्याभोवती रेघ मारा. ढाळ चुकला असेल तर टाइल्स उखडून परत बसवण्याला पर्याय नाही, म्हणून हे सामान येण्याआधीच व्हायला हवं. ट्रॅपची जाळीही उचलून बघा. आत सतत सुमारे दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे. गटाराची दुर्गंधी आणि झुरळं रोखतं ते हे पाणीच. बऱ्याच ट्रॅपमध्ये सिमेंटचा राडा, टाइलचे तुकडे आणि कधी कधी अख्खी विडीची थोटकं सापडतात.

मग सगळे नळ एकदम सोडा. शॉवर चालू असताना फ्लश करा आणि शॉवरची धार किती मरते ते बघा. सिंकखाली वाकून बाटली ट्रॅपला कोरडा टिशू पेपर लावा. डोळ्यांना न दिसणारी गळती टिशूवर दिसते.

ओल कुठून येते ते ओळखा

भिंतीवर ओल दिसली की लोक "वॉटरप्रूफिंगचा रंग" मारतात. हा निव्वळ पैशांचा चुराडा आहे, कारण ओल जिथे दिसते तिथून ती क्वचितच आलेली असते.

ठिकाण आणि वेळ यांवरून माग काढता येतो. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे आले असतील आणि ते बारमाही असतील, तर दोष बाथरूमच्या जमिनीत किंवा भिंतीतल्या पाइपात. शॉवरच्या उंचीवर डाग असेल तर भिंतीत दडलेला सांधा. फक्त पावसाळ्यात आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल येत असेल तर खिडकीची चौकट. छताला, तेही फक्त वरच्या मजल्यावर, तर गच्ची. तळमजल्यावर सगळ्या भिंती सारख्याच उंचीपर्यंत ओल्या आणि त्यांवर पांढरा लोणा असेल, तर जमिनीतलं पाणी वर चढतंय. जोत्याच्या पातळीवरचा ओलरोधक थर नाही किंवा फुटला आहे, आणि हे दुखणं बरं करणं फार खर्चाचं आहे.

पुण्याकडे आतून जिप्समचा गिलावा करायची पद्धत रूढ झाली आहे. भिंत गुळगुळीत होते, काम पटकन होतं, पण जिप्सम आणि पाणी यांचं वैर आहे. सतत ओल लागली की तो मऊ पडून सुटतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर नख जरा दाबून बघा. खडूसारखा भुगा निघाला तर ओल जुनी आहे.

रीसेलमध्ये मला सर्वांत जास्त संशय नव्या गोष्टींचा येतो. अख्खं घर मळकट आणि एकच भिंत ताज्या रंगाची, एकाच कोपऱ्यात पीव्हीसी पॅनेल, विनाकारण खाली घेतलेलं फॉल सीलिंग, भिंतीला चिकटवून ठेवलेलं जड कपाट. कपाट हलवायला सांगा. मालकाला राग येईल, येऊ द्या. कपाटाच्या पाठीला आणि तळाला हात लावा, बुरशीचा वास लपत नाही. तिथेच वाळवीही बघून घ्या: चौकटीच्या खालच्या टोकाशी मातीच्या बारीक नळ्या, किंवा लाकडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज.

खिडक्यांची चाचणी सोपी आहे. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, पाणी तिथून बाहेर गेलं पाहिजे. भोकं सिमेंटने बुजलेली असतील तर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी सोफ्यावर. खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, हेही लेव्हल ठेवून बघा. पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती मोसमी पावसाचा मारा खातात, तिथे जास्त वेळ द्या.

गच्ची तुमच्या डोक्यावर असेल तर वर जा. पॅरापेट आणि स्लॅब मिळतात तिथे मिस्त्री ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई असते, तिला भेग आहे का? पाणी जायचं तोंड सर्वांत खालच्या जागी आहे का? मोबाइल टॉवर, सोलर पॅनेल किंवा केबलसाठी कुणी वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडली आहेत का?

दुसरी पायरी: वीज

इथे घाई करू नका. डीबीचं बाहेरचं झाकण उघडा, आतलं कव्हर नाही, ते वायरमनचं काम. आत एमसीबींची, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, रांग दिसेल आणि त्यांत एक जरा रुंद, "टेस्ट" किंवा "टी" लिहिलेलं बटण असलेलं उपकरण दिसायला हवं. तो आरसीसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असावं.

फरक समजून घ्या. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आणि १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला त्याच्या एका छोट्या अंशाइतका प्रवाह पुरतो. शॉक लागल्यावर एमसीबी ढिम्म हलत नाही, जीव वाचवतो तो आरसीसीबी. बटण दाबा, खटका पडून पुरवठा गेला पाहिजे. पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे. "घरी सारखा ट्रिप होत होता म्हणून बायपास केला" असं जुन्या घरांत सर्रास ऐकू येतं. ट्रिप होत होता म्हणजे तो गळती दाखवत होता. गळती शोधायच्या ऐवजी तिची बातमी देणारा काढून टाकला, इतकंच.

एक गैरसमज इथेच मिटवतो. टेस्ट बटणाने आरसीसीबी पडला म्हणजे घराला अर्थिंग आहे असं सिद्ध होत नाही. ते बटण फक्त त्या उपकरणाची चाचणी घेतं. अर्थिंग प्रत्येक सॉकेटला वेगळं तपासावं लागतं.

तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून बघितलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं. तीन दिव्यांचा टेस्टर एकेका सॉकेटमध्ये घालत घरभर फिरा. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का आणि अर्थिंग तुटलंय का हे तो लगेच सांगतो. चुकीच्या सॉकेटवर खडूने फुली मारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नव्या फ्लॅटमध्येही एखादी तरी फुली पडतेच.

हा टेस्टर फसवता येतो, हेही माहीत असू द्या. अर्थिंगची वायर ओढायचा कंटाळा आलेला वायरमन सॉकेटमध्येच अर्थिंग आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकतो. टेस्टरला सगळं छान दिसतं. पण उद्या न्यूट्रल कुठे तुटली, तर गीझरच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात. हे पकडायला मल्टिमीटर आणि इस्त्री लागते. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढेच. फेज ते अर्थिंगमध्ये शून्य किंवा ९०-१०० असं काहीतरी तरंगतं वाचन आलं तर अर्थिंग जोडलेलंच नाही. मग त्याच बोर्डवर इस्त्री तापायला लावून न्यूट्रल ते अर्थिंग मोजा. भार असताना थोडासा, एखाद-दुसरा व्होल्ट तरी दिसायला हवा. तो तंतोतंत शून्यावर बसला तर दोन्ही जवळच जोडल्याचा संशय घ्या आणि बोर्ड उघडायला लावा. पाच-सहा व्होल्टच्या वर गेला तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा वायर बारीक आहे.

वायरचा विषय निघालाच आहे. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गीझर आणि एसीला चार, हे घरगुती कामातलं साधारण प्रमाण. एमसीबी त्या वायरला शोभेल असा हवा. अडीचच्या वायरवर ३२ चा एमसीबी बसवला असेल तर वायर भिंतीत तापून वितळेल, पण एमसीबी पडणार नाही. आधीचा मालक म्हणाला असेल "एसी लावला की पडतो", आणि कुणीतरी मोठा एमसीबी टाकून त्याला गप्प केलं असेल. जुन्या घरात हा एकच दोष सापडला तरी सगळं वायरिंग तपासून घ्या.

गीझरचं पॉइंट शॉवरच्या फवाऱ्यात येत नाही ना, त्याचा स्विच बाथरूमबाहेर किंवा निदान कोरड्या भागात आहे ना, बघा. शिवाय गीझर कशावर लटकलाय तेही. २५ लिटरचा गीझर भरल्यावर पस्तीस-चाळीस किलोंच्या घरात जातो. हल्ली भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या, असतात. त्यांत साधे प्लॅस्टिकचे गट्टू ठोकून टांगलेला गीझर हळूहळू भोक मोठं करत खाली सरकतो. वरच्या बाजूला भिंत आणि पट्टी यांत फट दिसली तर लगेच उतरवा. त्याच्या प्रेशर रिलीज व्हॉल्व्हला बूच मारलेलं नाही हेही पाहा. तो थेंब थेंब गळतो म्हणून लोक बंद करतात. मग थर्मोस्टॅट अडकला तर वाफेला बाहेर जायची वाट उरत नाही.

गॅस

गॅस गीझर बाथरूमच्या आत दिसला की पुढची तपासणी थांबवून मी मालकाला तो काढायला सांगतो. बंद, छोट्या जागेत ज्योत पेटली की ऑक्सिजन संपत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत अंघोळ करणाऱ्याला गरगरतं, पाय लटके पडतात, कडी उघडण्याइतकीही ताकद उरत नाही. थंडीत खिडकी बंद असते, म्हणून अशा बातम्या हिवाळ्यात जास्त येतात. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हवा. ड्राय बाल्कनीत असेल तर ती काचा लावून बंद केलेली नाही ना ते बघा. पुण्यात हे हमखास दिसतं: आधी गीझर बाल्कनीत बसवतात, मग कबुतरांच्या त्रासाने बाल्कनीला स्लायडिंग करतात, आणि बाल्कनीची खोली होते.

सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर ट्रॉलीच्या कपाटाला तळाशी जाळी हवी, आणि पाइप गॅस असेल तर वायुवीजन वरच्या बाजूला. पॉलिश केलेल्या बंद कपाटात सिलिंडर ठेवून वर "मॉड्युलर किचन" म्हणणं हा मला सर्वांत महागडा वेडेपणा वाटतो. नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली की बदलायची. सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

भेगांची भाषा

भेग दिसली की घाबरणारे आणि "सगळ्याच बिल्डिंगला असतात हो" म्हणणारे, दोघेही अर्धे बरोबर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा गिलावा सुकताना पडतात, त्या निरुपद्रवी. बीमच्या खालून किंवा कॉलमच्या कडेने भिंतीशी समांतर सरळ जाणारी भेग ही काँक्रीट आणि वीटकाम यांच्या सांध्याची. तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकायला हवी होती, ती ठोकली नाही. दुरुस्ती सोपी आहे, पण करून घ्या, नाहीतर बाहेरच्या भिंतीत तीच भेग पाणी आणते.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग जरा गांभीर्याने घ्या. आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जिन्यासारखी चढत जाणारी, वर रुंद आणि खाली निमुळती होणारी भेग असेल तर पाया खचत असण्याची शक्यता आहे. काळ्या मातीच्या भागात हे विशेष, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड भेगेत शिरत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भेग जिवंत आहे की मेली हे बघायला तिच्यावर प्लास्टरच्या दोन ठिपक्यांत काचेची पट्टी आडवी चिकटवतात आणि तारीख लिहितात. काच तडकली तर हालचाल चालू आहे.

सर्वांत वाईट भेग दिसायला साधी असते: बीमच्या पोटाला किंवा कॉलमच्या उभ्या कडेला, सळईच्या रेषेतच, आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळलेला. आत लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, वरचं काँक्रीट फोडतो, मग पापुद्रे पडतात आणि सळया उघड्या होतात. मुंबई आणि कोकणपट्टीत खारी हवा हे काम लवकर करते. पार्किंगचे कॉलम, जिन्याखालचा भाग आणि बाथरूमच्या डक्टमधले बीम टॉर्चने बघा. रंगरंगोटी तिथे पोचलेली नसते, त्यामुळे इमारतीचं खरं वय तिथे दिसतं.

वयावरच भिस्त ठेवू नका. महाडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये कोसळून १६ जणांचा जीव घेणारी इमारत दहा वर्षांचीही नव्हती. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये चार मजली इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. म्हणून मंजूर नकाशा हातात घेऊन फिरा. नकाशातली भिंत जागेवर आहे का? खालच्या दुकानदाराने "जागा मोकळी" केली आहे का? हल्लीच्या अ‍ॅल्युमिनिअम फॉर्मवर्कच्या इमारतींत, ज्यांना सगळे मायवान म्हणतात, भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे एसीच्या पाइपसाठी भोक पाडायलाही विचारावं लागतं.

रीसेल घेत असाल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबईत अहवालात सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ असे वर्ग दिसतील. सी-१ म्हणजे धोकादायक, पाडण्यायोग्य. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सेक्रेटरी "अहवाल आहे पण आत्ता सापडत नाही" म्हणाले, तर तो सापडेपर्यंत टोकन देऊ नका.

पडणं, अडकणं आणि बाकीचं

बाल्कनीचं रेलिंग दोन्ही हातांनी धरून हलवा. डुगडुगलं तर बेसप्लेटचे बोल्ट बघा. उंची मीटरभरापेक्षा कमी नको, आणि ती टाइल्स बसवल्यानंतरची मोजा. आडवे गज असतील तर लहान मुलासाठी ती शिडीच आहे. उभे गज असतील तर त्यांत दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. शॉवरच्या काचेवर कोपऱ्यात टफन्ड असल्याचा छाप शोधा.

खिडक्यांच्या ग्रील चोरांसाठी लावतात, आग लागली की त्याच आपल्याला कोंडतात. एका तरी ग्रीलला आतून उघडणारा दरवाजा हवा. जिन्यात चपलांची कपाटं आणि सायकली आहेत का, मजल्यावरचं अग्निशमन दार बंद होतं का, हायड्रंटला खरंच पाणी आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं "फॉर्म बी" प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते मागा. लिफ्टच्या शेवटच्या तपासणीची तारीख विचारा, आणि वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का ते करून दाखवायला सांगा.

टाइल्सवर नाण्याने टिचक्या मारा, पोकळ आवाज आला की फुली. कोपऱ्यातल्या एखाद्या पोकळ टाइलसाठी भांडू नका. ओट्यासमोरच्या आणि दारातल्या मात्र बदलून घ्या, कारण तिथे जड वस्तू पडतात. दारं अर्धवट उघडून सोडा, आपोआप फिरली तर चौकट ओळंब्यात नाही. रंगाचं तुम्हीच बघा.

यादी करायची आणि ती मान्य करून घ्यायची

प्रत्येक दोषाला क्रमांक, खोली, फोटो आणि एक वाक्य. "बाथरूम खराब" असं लिहू नका. "मास्टर बाथरूम, दरवाजाच्या उजव्या कोपऱ्यात पाणी साठतं, सुमारे ३० सेंटीमीटर" असं लिहा. यादी ई-मेलने पाठवा. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका, कारण साइटवरचा माणूस नोकरी सोडतो आणि त्याच्याबरोबर ती चॅटही जाते. ताबा पावतीवर "काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असतं. ते खोडा, किंवा खाली "अमुक तारखेच्या यादीतील दोष दुरुस्त होण्याच्या अधीन" असं लिहूनच सही करा.

रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. केला नाही तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, जाता येतं. बिल्डरचा ठरलेला बचाव मात्र आधीच ओळखून ठेवा: "तुमच्या इंटिरिअरवाल्याने फोडाफोडी केली, आता आमची जबाबदारी नाही." म्हणून सुताराचा पहिला खिळा ठोकण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ करून ठेवा, आणि बाथरूमच्या भिंतीत व जमिनीत काहीही बदलायचं असेल तर ते आधी बिल्डरला कळवून करा.

रीसेलमध्ये हा आधार सहसा नसतो, तिथे सगळा हिशेब किमतीत करायचा. एक सोय मात्र आहे: उपविधींनुसार गच्चीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या खर्चाने थांबवायचं असतं, आणि बाथरूम-सिंकची आतली गळती त्या-त्या सभासदाच्या. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव झालाय का, आणि त्यासाठीची वर्गणी आधीच्या मालकाने भरली आहे का, हे ना-हरकत दाखल्यासोबतच विचारून घ्या.

दुरुस्ती झाल्याचा फोन आला की परत जा, आणि ज्या बाथरूमचा ढाळ बदलला तिथे पुन्हा चोवीस तास पाणी साठवा. टाइल्स उखडताना जुना वॉटरप्रूफिंगचा थर अनेकदा फुटतो, म्हणून एक दोष गेला आणि दुसरा आला असं होऊ शकतं. सगळं ठीक निघालं की वॉटरप्रूफिंगची हमी, वायरिंगचा चाचणी अहवाल आणि भिंतीतल्या पाइपांचा नकाशा मागून घ्या. नकाशा नसेल तर साइटवर गिलाव्याआधी काढलेले फोटो तरी द्यायला सांगा. मीटरचं रीडिंग टिपा, सगळ्या चाव्या मोजून घ्या, आणि मुख्य दाराच्या कुलुपाचा सिलिंडर त्याच दिवशी बदला. बांधकाम चालू असताना त्या चावीच्या किती प्रती निघाल्या असतील, ते कुणालाच ठाऊक नसतं.